सूजमोडीचा पाला

१२ जानेवारी

मामा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि दोन मिनिटांत फोन मामीच्या हातात देतोस, म्हणून मुद्दाम लिहितेय. कागदावरून तरी तुला पळ काढता यायचा नाही.

काम आहे तुझ्याकडे. आमच्या प्रयोगशाळेत झाडपाल्यातून औषधी द्रव्यं वेगळी काढतात हे तुला माहीत आहेच. गेली तीन वर्षं मी दुसऱ्यांनी आणलेल्या साली नि मुळ्या उकळतेय. परवा आमच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला स्वतःला कुठल्या झाडाबद्दल कुतूहल आहे?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "सूजमोडी!" कुणीही नाव ऐकलेलं नव्हतं. मग मी सांगितलं, की माझा मामा हाडवैद्य आहे, चाळीस वर्षं मुरगळलेले घोटे आणि सुजलेले गुडघे याच पाल्याच्या लेपाने बांधतोय. पाला माझी आई खाणीवरच्या कड्यावरून तोडून आणायची. ती जाऊन तीन वर्षं झाली, आता मामा स्वतः आणतो.

यंत्रं सांभाळणारा आमचा एक सोबती हसला. म्हणाला, "लेप बांधून आठवडाभर पाय वर ठेवला की सूज कशानेही उतरते." मामा, खरं सांगू? मला उत्तर सुचलं नाही. घरी कानाडोळा केला असता, पण इथे तो प्रश्न रास्त आहे. बाईंनी मला सहा महिने दिलेत. तेवढ्यात काही हाती लागलं तर पुढे काम, नाहीतर पुन्हा माझ्या साली नि मी.

किलोभर वाळलेला पाला पाठवशील? घरचं औषध बाहेर द्यायला मन होत नसेल तर तेही मोकळेपणाने सांग, मला राग येणार नाही. जे निघेल ते कुणाकडून कळलं हे आमच्या लेखात लिहिलं जाईल, असं बाईंनी आधीच कबूल केलंय.

मामीला सांग, पायांना फार ताण देऊ नकोस म्हणावं.

तुझी
भिंगरी


२१ जानेवारी

भिंगरे,

हरकत कसली आलीय? कड्यावर वाढतं, माझ्या बापाने लावलेलं नाही. कपारीत मूळ रोवून बसतं, गुडघ्याएवढं होतं, पानाची पाठ मांजराच्या कानासारखी मऊ. कुणालाही दिसेल. दिसत नाही एवढंच.

तुझ्या त्या हसऱ्या सोबत्याला सांग, मी पाय वर ठेवायला कुणाला सांगू? माझ्याकडे गवंडी येतात, हमाल येतात, दिवसभर फळ्यापाशी उभ्या असणाऱ्या शाळेतल्या बाई येतात. पट्टी बांधली की दुसऱ्या दिवशी कामावर. पाय वर ठेवायला वेळ असता तर ते माझ्याकडे कशाला आले असते! पण तुझ्यासारखाच मीही गप्प बसलो असतो हे खरं. गुण येतो एवढं मला माहीत. का येतो, हे मी कधी विचारलं नाही. ज्याचा पाय दुखतोय त्यालाही ते नको असतं.

पाला पाठवतोय, सव्वा किलो आहे. तो जपून वापर. ताईने शेवटचा तोडलेला हा डबा तीन वर्षं मी उघडला नव्हता. मी आणलेल्या पाल्याने गुण जरा उशिरा येतो असं मला मधूनमधून वाटतं, पण आता माझाही अंगठा पूर्वीसारखा दाबत नाही, म्हणून असेल. डब्याचं झाकण काढलं तर मामी म्हणाली, "वन्सं आल्यासारखं वाटलं." म्हटलं, तिचा पाला तिच्या लेकीकडेच जाऊ दे.

मामा


९ मार्च

मामा, मामी,

हे पत्र दोघांनी मिळून वाचा, आणि वाचताना शेगडीवर काही ठेवू नका, करपेल.

आईचा पाला मी बारीक केला, मद्यार्कात भिजवला, आणि जो गडद हिरवा अर्क निघाला तो माझ्या उंचीच्या एका काचेच्या नळीत वरून ओतला. नळीत पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. वरून द्रावक सोडत राहायचं. अर्कातली काही द्रव्यं भुकटीला चिकटून रेंगाळतात, काही सुटून पुढे जातात, आणि बघता बघता त्या हिरव्या रंगाचे पट्टे पडतात. एक हिरवा, एक पिवळा, एक विटकरी. मी नव्वद बाटल्यांत थेंब थेंब धरला. दोन दिवस स्टूल सोडलं नाही. रंगीत बाटल्यांवर माझी भिस्त होती आणि त्या सगळ्या फुसक्या निघाल्या! मधल्या चार बाटल्या पाण्यासारख्या होत्या, त्या मी ओतूनच देणार होते. जांभळ्या दिव्याखाली धरल्या तर निळ्या पेटल्या.

आता पुढचं ऐका. आमच्याकडे काचेच्या बशीत जिवंत पेशी वाढवतात. शरीरात कुठे घुसखोरी झाली की आरडाओरडा करायचा हे त्यांचं काम. त्या आरडाओरड्यालाच आपण सूज म्हणतो, ठणका म्हणतो. मी त्यांना मुद्दाम डिवचलं. अर्ध्या बशांत त्या निळ्या बाटलीतला थेंबाचा नुसता अंश टाकला. ज्यांत टाकला नव्हता त्यांनी नेहमीसारखा गोंधळ घातला. ज्यांत टाकला त्या गप्प.

मला वाटलं, मेल्या. मेलेल्या गप्पच असणार. तपासल्या. जिवंत होत्या, मामा, धडधाकट, खातपीत होत्या, फक्त ओरडत नव्हत्या. तीनदा केलं, तीनदा तेच. यंत्रवाला सोबती स्वतः चौथ्यांदा करून बघायला आला आणि नंतर माझ्यासाठी चहा घेऊन आला.

त्या निळ्यात दोन द्रव्यं आहेत, जुळ्या बहिणींसारखी. एकीत प्राणवायूचा एक अणू जास्त, बाकी सगळं सारखं. जी जास्तीचा अणू घेऊन बसलीय तिची रचना आजवर जगात कुणी नोंदवलेली नाही. कपारीतल्या झाडाने ती केव्हाची बनवून ठेवलीय आणि आपल्याला पत्ता नाही. त्या दिवशी घरी जाताना रस्त्याकडेच्या प्रत्येक झुडपाकडे मी चोरासारखी बघत होते.

सव्वा किलोतून दोन्ही मिळून चार मोहऱ्यांएवढी भुकटी निघाली आणि तपासण्यांत ती संपली. पाला जवळजवळ सगळा गेला, कागदाच्या पाकिटात मूठभर नमुना तेवढा आहे. आता हेच सगळं नव्या पाल्यावर पुन्हा करून दाखवलं पाहिजे. पाच किलो पाठवशील? लवकर?

भिंगरी


३० मार्च

भिंगरे,

पाला पाठवला. पाच किलो भरला. नीट निवडून, स्वच्छ करून दिलाय. पत्र वाचून आनंद वाटला.

मामा


१८ मे

मामा,

पाल्यात काहीच नाही.

पाच किलोंवर दोनदा सगळं केलं. हिरवा पट्टा आला, पिवळा आला, निळं काही नाही. आईच्या पाल्याचा मूठभर नमुना होता, त्यातला अर्धा घेऊन ताडून बघितला. त्यात निळं अजून दिसतं. म्हणजे माझा हात चुकत नाही. पाल्यातच काही नाही.

बाईंनी मला समोर बसवून विचारलं, "दोन्ही वेळा एकच झाड होतं, याची खात्री काय?" मी काय सांगणार? तुमच्या पत्रात चार ओळी. पाला कुठून तोडला, केव्हा तोडला, कुणी तोडला, काही नाही. मामा, तुम्ही स्वतः गेला होतात का? की कुणाला तरी पाठवून मिळेल ते भरलंत? सरळ विचारते, राग मानू नका. इतक्या लोकांसमोर मी तुमचं नाव घेतलंय. यंत्रवाला आता हसतसुद्धा नाही, समजूत घालतो, ते जास्त लागतं. जुलैच्या मध्याला माझे सहा महिने संपतात.

जे असेल ते खरं कळवा.

भिंगरी


२ जून

भिंगरी,

हे पत्र मी लिहितेय हे तुझ्या मामाला माहीत नाही. तो पुढच्या खोलीत एका बाईंचा खांदा बघतोय. बघतोय म्हणजे तोंडाने सांगतोय, दाबायचं कसं ते त्यांच्या मुलीला शिकवतोय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तो जेवला नाही. मजकुराचं एवढं नाही. "एकदम 'तुम्ही' म्हणाली गं," एवढंच दोनदा बोलला. जन्मापासून 'मामा तू' म्हणणारी पोरगी.

आता तुला खरं हवंय ना, घे. फेब्रुवारीपासून त्याची बोटं सुजलीयत. दोन्ही हातांची. सकाळी मूठ वळत नाही, सदऱ्याची बटणं मी लावते. स्वतःचाच लेप बांधून बघितला, दोन-चार दिवस बरं वाटतं, परत तेच. तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद. त्या चार ओळी लिहायला त्याला अख्खी दुपार लागली. मी म्हटलं, मी लिहिते, तर म्हणाला, "माझं अक्षर दिसलं नाही तर ती काळजी करेल."

आणि पाला. त्या हातांनी तो कड्यावर गेला, पाच वेळा. तोडायला मी होते सोबत, पण निवडला त्याने एकट्याने. नऊ दिवस चटईवर बसून एकेक पान उलटंसुलटं केलं. भोक दिसलं, कड खाल्लेली दिसली, की बाजूला. "मोठ्या प्रयोगशाळेत जायचंय, ताईची लेक बघणार, किडकं पान जाता कामा नये." शेजारीण म्हणाली, लग्नाचे दागिने पारखल्यासारखं चाललंय तुमचं. असा तो पाला होता. मिळेल ते भरलं म्हणतेस!

एवढं लिहून माझा राग निवला. आता दुसरं सांगते, त्यात तुला काही अर्थ लागतो का बघ. तुझं पत्र वाचल्यापासून हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तुझी आई उलटं करायची. वन्सं किडकीच पानं तोडायच्या. एकवीस वर्षांपूर्वी मी जिन्यावरून पडले, दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे. वन्संनी एका गुडघ्याला चांगला हिरवागार पाला बांधला आणि दुसऱ्याला भोकाभोकांचा. मी विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाल्या, "बघू तर." तिसऱ्या दिवशी किडक्या पाल्याचा गुडघा वाकायला लागला. दुसरा आणखी आठवडाभर ओंडक्यासारखा. पुढे एका गवंड्याची दोन्ही मनगटं सुजली तेव्हा त्यांनी तेच केलं, पण बाजू बदलून. माझ्या वेळी किडका पाला डावीकडे होता, त्याच्या वेळी उजवीकडे. मग आणखी दोघा-तिघांवर. मला वाटलं, वन्संना चाळाच लागलाय.

तुझ्या मामाला त्या म्हणायच्या, "किडकं घे रे, धड पान राहू दे." त्याला वाटायचं, ताईला झाडाची दया येते. मला ठाऊक होतं, पण मला कुणी विचारलंच नाही. तूही कधी विचारलं नाहीस.

मामी


६ जून

मामी,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आईचा उरलेला चिमूटभर नमुना पाकिटातून काढून भिंगाखाली धरला. बावीस तुकडे ओळखू येण्याजोगे होते. बावीसच्या बावीस खाल्लेले. प्रत्येकाची कड कुरतडलेली, आणि कुरतडलेल्या जागी तपकिरी रेघ. मार्चमध्ये अशीच पानं मी हातात धरली होती आणि जुनी म्हणून फाटलीत असं समजून पूड केली होती.

मग मामाच्या पाल्यातलं एक पान ठेवलं. इतकं सुंदर पान मी इथे कधी बघितलं नाही. एक ओरखडा नाही.

तुझं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं, गुडघ्यांचा भाग. फारसं न बोलणारी बाई आहे ती. "उजवं-डावं बदललं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. पुन्हा विचारलं, "कुणी न सांगता बदललं?" मग त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला हे शिकायला वर्षं लागतात गं, मामी. एकाच माणसाचे दोन गुडघे घ्यायचे, म्हणजे माणसामाणसातला फरक आड येत नाही. मग बाजू बदलायची, म्हणजे डाव्या-उजव्याचा फरक आड येत नाही. आणि एकावर विसंबायचं नाही, पुन्हा करायचं. माझ्या आईने हे खाणीखालच्या घरात बसून शोधून काढलं आणि त्याला "बघू तर" म्हणाली. मी तिची लेक, हाच धंदा करते, आणि तिला एकदाही विचारलं नाही की आई, कुठलं पान तोडतेस.

मला वाटतं ते असं: झाड ते द्रव्य नेहमी बनवत नसावं. अळी चावली की बनवत असावं. पण वाटून उपयोग नाही. चार-पाच जिवंत झाडं मुळांसकट हवीत, ओल्या कापडात गुंडाळून. आणि अळ्या मिळाल्या तर त्यासुद्धा, भोकं पाडलेल्या डब्यात. बाईंनी ऑगस्टअखेरपर्यंत मुदत वाढवलीय.

आता मामासाठी. मामा, तू. तू, तू, तू. शंभरदा लिहिलं तरी ते 'तुम्ही' खोडलं जायचं नाही. मी चुकले. पण तुझ्यावरही माझा राग आहे. दोन्ही हात एकदम, सकाळी मूठ न वळणं, महिनोन्‌महिने, ही मुरगळ नव्हे हे तुझ्याइतकं कुणाला कळतं? हे लेपाचं काम नाही. दवाखान्यात जा. उशीर झाला तर सांधे वाकडे होतील आणि मग कुणालाच काही करता येणार नाही.

भिंगरी


१९ जून

भिंगरे,

मामी लिहितेय, मी सांगतोय. आता लपवायचं काही उरलंच नाही. चोरून पत्र लिहिलं म्हणून मी तिच्यावर दोन तास रागावलो होतो, तिसऱ्या तासाला बटणं लावून हवी होती.

झाडं पाठवलीत, पाच. अळ्या अकरा आहेत, हिरव्या, दोऱ्याएवढ्या. डबा घेणाऱ्या टपालवाल्याने विचारलं, आत काय? मी म्हटलं, तज्ज्ञ मंडळी आहेत.

ताईचं ते वाक्य गेले दोन आठवडे माझ्या कानात वाजतंय. "किडकं घे, धड राहू दे." मी मनात म्हणायचो, हिचा जीव सगळ्यांत अडकतो, अगदी झुडपातसुद्धा. एकदाही विचारलं नाही, का गं? ती मोठी बहीण, मी वैद्य. लोक मला नमस्कार करायचे, ती मागच्या दाराने टोपली घेऊन यायची. औषध ती होती, मी नुसती पट्टी.

दवाखान्याचं मात्र जमणार नाही. चाळीस वर्षं लोक दवाखाना टाळून माझ्याकडे आले. आता हाडवैद्यच त्या रांगेत बसलेला दिसला तर काय म्हणतील? हसू नकोस. माझ्याकडे दुसरं काही नाही, एवढंच एक नाव आहे.

ती म्हणतेय तिचं एक वाक्य घालते. घाल बाई.

भिंगरी, मी मामी. हा ऐकत नाही. तूच काहीतरी कर.

मामा


१४ ऑगस्ट

मामा, मामी,

झालं. सगळं सांगते.

पाच झाडं कुंड्यांत लावली. एक प्रवासात दगावलं. उरलेल्या चारांपैकी दोनांवर अळ्या सोडल्या, दोन जाळीखाली सुरक्षित ठेवली. रोज प्रत्येकाचं एक पान तोडून अर्क काढायचा आणि जांभळ्या दिव्याखाली धरायचा.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी अळ्यांच्या झाडांत अगदी पुसट, आहे की नाही अशी निळी छटा. मला वाटलं डोळे फसवतायत, म्हणून यंत्रवाल्याला काही न सांगता बाटल्या दिल्या. तो बघून म्हणाला, "तीन आणि चार नंबरात काहीतरी आहे." तीच अळ्यांची होती. चौथ्या दिवशी बाटली निळी पेटली, मार्चमध्ये पेटली होती तशी. जाळीखालच्या दोघांत शेवटपर्यंत काही नाही.

मग आणखी एक बघितलं. अळी ज्या पानावर होती तेवढंच नाही, तिने तोंडही न लावलेल्या वरच्या पानांतही द्रव्य आलं होतं! एका पानाला चावा बसला आणि त्याने बाकीच्यांना कळवलं. कसं कळवलं, मला माहीत नाही. त्याला ना नस आहे ना आवाज. मी त्या कुंडीसमोर उभी होते आणि मला मोठ्याने बोलायचीसुद्धा भीती वाटत होती.

आता कडू तेवढं ऐक. हे औषध नव्हे, अजून नाही. बशीतल्या पेशी गप्प बसल्या म्हणजे माणसाचा सांधा गप्प बसेल असं होत नाही. पोटात घेतलं तर काय होईल, यकृताला सोसेल का, काही ठाऊक नाही. दहा वर्षं लागतील, आणि कदाचित काहीच होणार नाही. तुझ्या हातांसाठी माझ्याकडे आज काही नाही, मामा. आहे ते दवाखान्यात आहे, आणि तेही असंच कुणीतरी कुठल्यातरी बशीत तीस-चाळीस वर्षांपूर्वी बघितलेलं आहे. तू त्या रांगेत बसलास तर तू हरलास असं होत नाही. आईने चांगला पाला बांधलेला गुडघा सुजलेलाच राहिला तेव्हा तिने पाला सोडला, गुडघ्याला दोष दिला नाही.

इकडे ये. मामीला घेऊन ये. सांध्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, पंचवीस तारखेची. इथे तुला कुणी ओळखत नाही, रांगेत खुशाल बस. आणि मला तुला काहीतरी दाखवायचंय.

भिंगरी


२ नोव्हेंबर

भिंगरे,

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. तीन बैठकींत लिहितोय.

गोळ्या चालू आहेत. तुझे डॉक्टर म्हणाले तसं दोन महिने काही जाणवलं नाही आणि मामीला मी पन्नास वेळा "बघ, सांगत होतो" म्हणून दाखवलं. नंतर एका सकाळी उठलो, सदरा घातला, बाहेर आलो. मामी माझ्या छातीकडे बघत उभी राहिली. बटणं लागलेली होती, आणि लावताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ती आत निघून गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

मी आता आलेल्याला उघडपणे सांगतो. एकच सांधा सुजला असेल, पडला-झडला असशील, तर माझ्याकडे ये. दोन्ही हात असतील, सकाळचं आखडत असेल, तर दवाखान्यात जा, मीही जातो. पहिल्यांदा ज्याला सांगितलं तो गवंडी म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी जात नव्हतो." घ्या!

तुझ्याकडे जे बघितलं त्याबद्दल तिथे मी काहीच बोललो नाही, तुला वाटलं असेल मामाला कळलं नाही. तू ती इवलीशी बाटली हातात दिलीस, तळाशी पांढरे कण, साखर सांडावी तसे. म्हणालीस, अळ्यांनी चावलेल्या झाडांतून काढलेलं हेच ते. मला आधी खोटंच वाटलं. चाळीस वर्षं मी जे वाटलं, चोळलं, बांधलं, त्यातलं खरं काम करणारं एवढंसं. मग तू दिवा लावलास आणि ते निळं झालं. भिंगरे, त्या क्षणी मला ताई हवी होती. तुझ्या बाई मला बसायला खुर्ची देत होत्या आणि मला बसवत नव्हतं.

येताना गाडीत एकच विचार. मी रोग्यांना सांगत आलो की हे झाड तुमच्यासाठीच आहे. साफ खोटं. झाडाने ते स्वतःसाठी बनवलं, अळीसाठी बनवलं. आपला गुडघा त्याच्या गावीही नाही. तरी ते आपल्याला लागू पडतं. हे कसं काय, ते तू म्हणतेस तुलाही पुरतं माहीत नाही. ते ऐकून मला बरं वाटलं.

परवा सकाळी पाल्यासाठी कड्यावर गेलो, एकटाच, काठी घेऊन. वरच्या कपारीतल्या झाडावर एक अळी खात बसली होती. पूर्वी टिचकीने उडवली असती. या वेळी समोरच्या दगडावर टेकलो. पान आधीचंच चावलेलं होतं, जुन्या कडा तपकिरी झालेल्या. ती कडेकडेने खात होती, नेटाने. मग थांबली. डोकं उचललं, डावीकडे केलं, उजवीकडे केलं, आणि अर्धं पान तसंच टाकून देठावरून खाली उतरायला लागली. मी श्वास धरून बघत होतो. तू मला काचेत दाखवलंस ते तिच्या तोंडात आलं होतं. चाळीस वर्षं मी त्या झाडासमोर वाकलो, दरवेळी तोडायला.

ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच होतो. रिकामी टोपली घेऊन खाली आलो तर मामी दारात. म्हणाली, "पाला कुठाय?"

मी म्हटलं, "आज नाही आणला. तिथे काम चालू होतं."

मामा